इक्विटी ऑफिस: अमेरिकेतली सगळ्यात मोठी ऑफिस बिल्डिंगांची कंपनी शेवटी विकली का गेली? जरा मुळापासून इतिहास हवाय

ऐरोलीकर८४ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला माइंडस्पेस ऑफिस पार्कमध्ये नोकरीला आहे, रोज कळव्याहून ठाणे गाठायचं आणि तिथून ट्रान्स हार्बरची लोकल, दहा वर्षं झाली आता. गेल्या बोनसमधले पंचवीस हजार बाजूला काढून पहिल्यांदा रीटचे (म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारतींची मालकी असलेली संस्था, तिचे) युनिट घेतले. खरं सांगू का, हिशोब वगैरे काही केला नव्हता, ज्या इमारतीत मी दिवसाचे नऊ तास बसतो आणि आमची कंपनी जिचं भाडं भरते त्या भाड्यातला चिमूटभर वाटा दर तिमाहीला माझ्या खात्यात येणार, हेच मला खूप आवडलं.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, भाडं खायचं असेल तर एखादा गाळा घे, दुसऱ्याच्या बिल्डिंगचा कागद काय घेतोस. बाबांची सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात गेली, कारखाना बंद होताना त्यांनी गेटवर उभं राहून बघितलाय, त्यामुळे त्यांचं बोलणं मी उडवून लावू शकत नाही.

मग मी वाचायला लागलो की ही असली कंपनी म्हणजे नेमकं काय, आधी कुठे झालीये का, तिचं पुढे काय झालं. वाचता वाचता इक्विटी ऑफिस प्रॉपर्टीज हे नाव सापडलं. २००७ मध्ये ब्लॅकस्टोन ह्या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने ती ३९ अब्ज डॉलरला घेतली म्हणे, आणि हीच ब्लॅकस्टोन आपल्याकडे एम्बसी आणि माइंडस्पेस दोन्ही रीटच्या सुरुवातीला होती. आता माझे प्रश्न असे की एवढी मोठी कंपनी उभी कशी राहिली, भाडं चांगलं येत होतं तर मालकाने विकली कशाला, आणि ज्यांच्याकडे थोडेथोडकेच शेअर होते त्या लोकांचं काय झालं? तुकड्या-तुकड्यात वाचलंय पण सूत्र लागत नाहीये. कोणी त्या धंद्यातलं असेल तर सविस्तर सांगा, घाई नाही.


शिकागोचा_मालवणी

ऐरोलीकर, प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण मी १९९८ पासून शिकागोत आहे आणि प्रॉपर्टी अकाउंटिंग हेच माझं काम, आणि त्यातली काही वर्षं मी डाउनटाउनमधल्या ज्या बिल्डिंगचे हिशोब लिहिले ती त्या वेळी इक्विटी ऑफिसकडे होती. त्यामुळे हे माझ्यासाठी पेपरात वाचलेलं प्रकरण नाही.

ही कंपनी म्हणजे सॅम झेल. त्याच्या आईवडिलांपासून सुरुवात केल्याशिवाय हा माणूस कळत नाही. ते पोलंडमधले ज्यू, १९३९ मध्ये जर्मन फौजा आत यायच्या अगदी तोंडावर वडील बायको-मुलीला घेऊन निघाले, लिथुआनियात जपानी अधिकारी चिउने सुगिहारा यांच्याकडून व्हिसा मिळाला, मग आगगाडीने अख्खा सायबेरिया ओलांडून जपान आणि तिथून १९४१ मध्ये अमेरिका. त्याच वर्षी सप्टेंबरात सॅमचा जन्म झाला. वेळेवर निघालं तर वाचतो आणि थांबलं तर संपतो हे ज्या घरात जेवताना-खाताना ऐकलं जायचं त्या घरातला मुलगा आहे हा, आणि पुढे त्याने जे केलं त्यात मला तरी हेच दिसतं.

मिशिगन विद्यापीठात शिकताना तो विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायच्या घरांची देखभाल बघायला लागला, तिथेच बॉब लुरी भेटला आणि दोघांची जोडी जमली, झेल सौदे आणणार आणि लुरी आकडे तपासणार. लुरी १९९० मध्ये पन्नाशीच्या आतच कॅन्सरने गेला. इक्विटी ऑफिसचं मूळ १९७६ सालचं धरतात, पण खरी कंपनी मोठी झाली ती नव्वदच्या सुमाराला आणि त्याला कारण आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत टॅक्स वाचवण्यासाठी म्हणून लोकांनी ऑफिस बिल्डिंगा बांधल्या, भाडेकरू आहे का नाही हे कोणी बघत नव्हतं, तोटा दाखवायचा आणि टॅक्स वाचवायचा. १९८६ च्या टॅक्स कायद्याने ती वाट बंद झाली, मागोमाग ज्यांनी कर्जं वाटली होती त्या सेव्हिंग्ज अँड लोन संस्था शेकड्यांनी बुडाल्या आणि त्यांच्या गळ्यात पडलेल्या इमारती सरकारने नेमलेल्या संस्थेमार्फत मिळेल त्या किमतीला विकायला निघाल्या. चांगल्या काचेच्या, चांगल्या नाक्यावरच्या बिल्डिंगा, पण बांधायला जेवढा खर्च आला त्याच्या निम्म्यातसुद्धा घ्यायला गिऱ्हाईक नाही. झेलने मेरिल लिंचबरोबर १९८८ पासून एकामागून एक चार फंड उभे केले आणि त्या पैशातून ह्या पडत्या भावातल्या इमारती गोळा केल्या. थडग्यावर नाचणारा हे नाव त्याला पडलेलं, त्यानेच एका लेखात स्वतःसाठी वापरलं होतं ते. मला त्यात क्रूरपणा वाटत नाही, कारण त्या वेळी त्या इमारती कोणीतरी घेऊन दिवे चालू ठेवणं गरजेचंच होतं.

जुलै १९९७ ला हे सगळे फंड एकत्र करून कंपनी बाजारात आणली, २१ डॉलरला शेअर. तेव्हा ९० इमारती आणि ३ कोटी २० लाख स्क्वेअर फूट. त्यानंतर जी काही खरेदी सुरू झाली ती बघा. त्याच वर्षअखेर बॉस्टनची बीकन प्रॉपर्टीज ४ अब्ज डॉलरला, २००० मध्ये कॉर्नरस्टोन साडेचार अब्जाच्या वर, २००१ मध्ये कॅलिफोर्नियाची स्पीकर प्रॉपर्टीज ७ अब्जाच्या वर. चार वर्षांत ७०० हून जास्त इमारती आणि १२ कोटींच्या वर स्क्वेअर फूट. ऑक्टोबर २००१ मध्ये एस अँड पी ५०० मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअर निर्देशांकात, घेतलेली पहिली रीट हीच.

हेडऑफिस टू नॉर्थ रिव्हरसाइड प्लाझाला, १९२९ सालची जुनी वर्तमानपत्राची इमारत, नदीच्या काठावर आणि खालून रेल्वेचे रूळ जातात. हिवाळ्यात स्टेशनातून बाहेर पडलं की तिच्यासमोरच्या पुलावरून चालत यायचं, वारा असा की डोळ्यातून पाणी. मी तिथे कामाला नव्हतो, आमची बिल्डिंग नदीच्या पलीकडे, पण दर महिन्याला आमचे आकडे तिकडे जायचे.

आता ते आकडे म्हणजे काय ते सांगतो, कारण बाकी कोणी हे सांगणार नाही. प्रत्येक भाडेकरूचं एक लीज, त्याचा आम्ही दोन-तीन पानी गोषवारा करायचो, भाडं किती, दरवर्षी वाढ किती, किती महिने फुकट दिले, फर्निचर-पार्टिशनसाठी आपण किती पैसे दिले, सोडून जायचा हक्क कधी. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये सामायिक खर्चाचा वर्षाचा हिशोब, लिफ्ट, बर्फ उचलणं, लॉबीतला चौकीदार, प्रॉपर्टी टॅक्स, सगळं भाडेकरूंच्या स्क्वेअर फुटाप्रमाणे वाटायचं, आणि एखादा वकिलांचा फर्म असला की तो चाळीस डॉलरच्या फरकासाठी पाच पत्रं पाठवणार. ऑफिस बिल्डिंगचा धंदा दिसतो काचेचा, पण चालतो तो ह्या कागदावर. त्या गोषवाऱ्यात "फुकट महिने" आणि "आपण दिलेले पैसे" ह्या दोन रकान्यांतले आकडे २००२-०३ मध्ये आमच्या डोळ्यांदेखत वाढत गेले. बाहेर सांगायचं भाडं तेवढंच, हातात येणारं कमी. कंपनीचं दुखणं मला सगळ्यात आधी तिथे दिसलं.


डोंबिवली_सीए

मालवणी काका, छान लिहिलंत. एक भर घालते कारण हा मुद्दा नेहमी सुटतो आणि त्याशिवाय एवढ्या कंपन्या चार वर्षांत गिळल्या कशा हे कळत नाही. अमेरिकेत रीटचा कायदा १९६० चा, आयझेनहॉवर यांच्या सहीचा, कल्पना अशी की साध्या माणसालाही मोठ्या इमारतीत थोडा हिस्सा घेता यावा, कंपनीने नफ्यातला मोठा भाग वाटून टाकायचा आणि मग कंपनीच्या पातळीवर टॅक्स नाही. पण तीस वर्षं तो प्रकार लहानच राहिला. १९९२ मध्ये एक नवी रचना आली, रीटच्या खाली एक भागीदारी असते आणि सगळ्या इमारती त्या भागीदारीत. आता ज्या जुन्या मालकाने वीस वर्षांपूर्वी इमारत स्वस्तात बांधली त्याने ती रोखीने विकली तर त्याला भरमसाट टॅक्स लागणार, पण त्याने इमारत भागीदारीत टाकून बदल्यात भागीदारीचे युनिट घेतले तर टॅक्स पुढे ढकलला जातो. म्हणजे विकणाऱ्यालाही सोयीचं, घेणाऱ्याला रोख काढायला नको. नव्वदच्या दशकातली ही सगळी एकत्रीकरणं ह्या एका सोयीवर उभी आहेत.


सांताक्लारा_वहिनी

मला वर मालवणींनी दोन ओळीत सोडून दिलेल्या स्पीकरबद्दल लिहायचंय कारण ते मी बघितलंय. स्पीकरच्या इमारती म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतलं, बे एरियातलं बरंच काही, दोन-तीन मजली ऑफिसं, समोर लांबलचक पार्किंग, झाडं, सगळं नीटनेटकं. सौदा जाहीर झाला फेब्रुवारी २००१ मध्ये, म्हणजे डॉटकॉमचा फुगा फुटायला लागून वर्ष होत आलेलं, पण भाडी अजून वरच होती कारण लीज जुनी चालू होती. ऑफिसच्या धंद्यात वाईट बातमी उशिरा पोचते, भाडेकरूचा पैसा आज संपतो पण लीज संपायला तीन वर्षं असतात, तोवर मालकाला सगळं आलबेल वाटतं.

मी तेव्हा सांता क्लाराला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. २००२ च्या उन्हाळ्यात दुपारी डबा खाऊन आम्ही दोघी-तिघी चालायला जायचो तर एका ओळीत सहा इमारती आणि त्यातल्या चारांसमोर भाड्याने देणे आहे अशी पाटी, पार्किंगमध्ये एकही गाडी नाही, स्प्रिंकलर मात्र वेळच्या वेळी चालू, हिरवळ छान कापलेली. आत काचेतून बघितलं तर खुर्च्या तशाच, पांढऱ्या फळ्यावर कोणीतरी लिहिलेलं तसंच. आमच्याच कंपनीने अर्धा मजला दुसऱ्याला पोटभाड्याने द्यायला काढला आणि आठ महिने कोणी बघायलासुद्धा आलं नाही. सगळेच पोटभाडेकरू शोधत होते. मग मूळ मालकाने चढ्या भावात नवीन भाडेकरू कुठून आणायचा? माझ्या मते इक्विटी ऑफिसची ती सगळ्यात महागात पडलेली खरेदी, झेलसारख्या माणसाने, ज्याने सगळं आयुष्य पडत्या भावात घेण्यात घालवलं, त्याने शिखरावर जाऊन घेतलं.


शिकागोचा_मालवणी

वहिनी, बरोबर आहे तुमचं, मी ते घाईत सोडलं. त्यात आणखी एक. कंपनीची मूळ कल्पना अशी होती की आपण सगळ्या मोठ्या शहरांत असलो की मोठ्या कंपन्या आपल्याकडेच येतील, बॉस्टनला जागा आपली, सिएटलला आपली, शिकागोला आपली, एकच मालक, एकच लीज, म्हणून भाडं पण जरा जास्त मिळेल. तसं झालं नाही. भाडेकरू जागा शोधताना स्टेशन किती लांब आहे आणि साहेबाचं घर कुठल्या बाजूला आहे हे बघतो, मालकाची दुसऱ्या शहरात किती दुकानं आहेत त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. घाऊक खरेदीत थोडे पैसे वाचले, विम्यात वाचले, पण एवढंच. पुढे डिव्हिडंडला कात्री लागली, बऱ्याच इमारती विकायला काढल्या, आणि शेअर बाजारात कंपनीची किंमत तिच्या इमारतींच्या बेरजेपेक्षा कमी धरायला लागले. ऐरोलीकर, तुम्ही विचारलंत ना विकली कशाला, तर उत्तर इथे सुरू होतं.


ऐरोलीकर८४

काका, वहिनी, ताई, खूप खूप आभार. दोनदा वाचलं. म्हणजे सुट्या इमारती विकल्या तर जास्त आणि एकत्र कंपनी म्हणून कमी, असं का? आणि मग ब्लॅकस्टोनने काय केलं?


जर्सीसिटी_पंढरपूर

हे मी सांगतो, मी तेव्हा न्यूयॉर्कमध्ये एका बँकेत कमर्शियल कर्जांच्या विभागात होतो, २००६-०७ चा तो हिवाळा आम्ही कोणी विसरणार नाही.

असं समजा की वाशीच्या मार्केटात कोणी आंब्याचा अख्खा ट्रक विकायला उभा आहे. ट्रक घेऊ शकणारे दोनच जण, म्हणून भाव पेटीमागे कमी. पण नाक्यावर डझनाने घेणारे शंभर आहेत. ब्लॅकस्टोनने तेच ओळखलं, ट्रक उचलायचा आणि त्याच दिवशी पेट्या वेगवेगळ्या नाक्यांवर पाठवायच्या. जॉन ग्रे म्हणून तिशीतला माणूस हे सगळं चालवत होता, आता तो ब्लॅकस्टोनचा प्रेसिडेंट आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये ब्लॅकस्टोनने ४८.५० डॉलर भाव दिला. झेलने एक गोष्ट हुशारीने केली, सौदा मोडला तर ब्लॅकस्टोनला द्यायची भरपाई कमी ठेवली, म्हणजे दुसरा कोणी बोली लावायला येईल त्याला दार उघडं. आणि आला, व्होर्नाडो ह्या दुसऱ्या रीटचा स्टीव्हन रॉथ, झेलचा जुना मित्र. दोघांच्यात यमकं जुळवलेल्या इमेल झाल्या, हे खरं आहे, हजारो कोटींचा सौदा आणि शाळेतल्या पोरांसारख्या चारोळ्या. जानेवारीत व्होर्नाडो ५२ वर, ब्लॅकस्टोन ५४ वर, व्होर्नाडो ५६ वर, पण व्होर्नाडोच्या बोलीत निम्म्याच्या आसपास रक्कम स्वतःच्या शेअरमध्ये होती, ब्लॅकस्टोनचे ५५.५० सगळे रोख. झेलने रोख घेतले. ७ फेब्रुवारी २००७ ला भागधारकांनी मत दिलं आणि ९ तारखेला व्यवहार पुरा, कर्जासकट ३९ अब्ज डॉलर, ५४० च्या आसपास इमारती. त्या वेळेपर्यंतचा कर्ज काढून कंपनी घेण्याचा जगातला सगळ्यात मोठा सौदा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण ह्यातच आहे, छोट्या भागधारकाला दर शेअरमागे ५५.५० रोख मिळाले, ज्याने १९९७ ला २१ ला घेतला असेल त्याला वर दहा वर्षांचा डिव्हिडंड. तो सुखरूप सुटला.

आता पेट्या कुठे गेल्या ते बघा. व्यवहार झाला त्याच दिवशी मॅनहॅटनमधल्या सात इमारती न्यूयॉर्कचे बिल्डर हॅरी मॅकलो यांना सुमारे ७ अब्जाला. मॅकलोंनी त्यात स्वतःचे घातले ५ कोटी डॉलर. हो, पाच कोटी. बाकी सगळं उसनं आणि तेही वर्षभराच्या मुदतीचं, आणि हमी म्हणून जनरल मोटर्स बिल्डिंग, जी त्यांची सगळ्यात लाडकी, तीपण गुंतवली. सिएटल आणि वॉशिंग्टनच्या इमारती ६.३५ अब्जाला बीकन कॅपिटलकडे, आणि हे बीकन म्हणजे त्याच अॅलन लेव्हेंथल यांची नवी कंपनी ज्यांनी आपली जुनी बीकन प्रॉपर्टीज १९९७ मध्ये झेलला विकली होती. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मॅग्वायरकडे, सॅन फ्रान्सिस्कोच्या दहा मॉर्गन स्टॅनलीकडे. थोड्या महिन्यांत निम्म्याहून जास्त माल गेला.

आणि मग उन्हाळ्यात कर्जाचा बाजार आटला. आमच्या विभागात ऑगस्ट २००७ मध्ये एका आठवड्यात असं झालं की ज्या कर्जांचे रोखे करून आम्ही हातोहात विकत होतो ते घ्यायला कोणीच नाही, फोन वाजायचेच बंद झाले. फोन वाजत नाहीत म्हणून कोणी कामाला आलेला माणूस घाबरलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. फेब्रुवारी २००८ ला मॅकलोंच्या कर्जाची मुदत संपली आणि नवीन कर्ज द्यायला कोणी नव्हतं. सातही इमारती बँकेकडे गेल्या, जीएम बिल्डिंग त्याच वर्षी बॉस्टन प्रॉपर्टीजला २.८ अब्जाला विकावी लागली. सातांपैकी वर्ल्डवाइड प्लाझा, जिच्या नावावर १.७ अब्ज धरले होते, ती २००९ मध्ये सहाशे दशलक्षाच्या आसपास गेली. मॅग्वायरलाही इमारती बँकांच्या हवाली कराव्या लागल्या, मॉर्गन स्टॅनलीने दहापैकी पाच सोडल्या, बीकनला कर्जाची नव्याने बांधणी करून दम धरावा लागला. बिल्डिंगा त्याच होत्या, लिफ्ट चालू, भाडेकरू बसलेले, भाडं येत होतं. मारलं ते कर्जाच्या मुदतीने.


शिकागोचा_मालवणी

फेब्रुवारीतल्या त्या आठवड्यात आमच्याकडे काय झालं ते सांगतो, साधंच आहे. भाडेकरूंना चेक कुठल्या नावाने काढायचा याचं नवीन पत्र पाठवायचं होतं, आम्ही तिघांनी बसून तीनशे पाकिटं भरली, बाहेर बर्फ, आणि आमच्या बिल्डिंगचा इंजिनिअर, बॉयलर बघणारा, वीस वर्षं तिथेच, तो येऊन विचारून गेला की माझ्या शर्टावरचं नाव बदलणार का. त्या इमारतीत त्याने चार मालक बघितले. त्याला पगार मिळत राहिला, त्याच्याकडे कोणता पाइप कधी बदललाय ते पाठ होतं.

झेलबद्दल पण पुरं सांगायला हवं. सगळ्यांनी त्याला तेव्हा डोक्यावर घेतलं, बाजाराचं शिखर ओळखणारा म्हणून. आणि त्याच २००७ मध्ये त्याने ट्रिब्यून ही वर्तमानपत्रांची कंपनी ८.२ अब्जाला, जवळजवळ सगळं कर्ज काढून घेतली आणि डिसेंबर २००८ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. आमच्या शिकागोतल्या पत्रकारांचं त्यात फार नुकसान झालं, ते इथली माणसं अजून विसरली नाहीत. मे २०२३ मध्ये झेल गेला. इक्विटी ऑफिस हे नाव ब्लॅकस्टोनने ठेवलं, पुढे ईक्यू ऑफिस केलं, २०१५ मध्ये आमचा विलिस टॉवर, जुना सिअर्स टॉवर, १.३ अब्जाला घेतला तो त्याच कंपनीमार्फत.


हिंजवडी_फेज३

सगळं वाचलं, उत्तम माहिती, पण ऐरोलीकरला मी वेगळं सांगेन. २००७ चा इतिहास सोडा, कोविडनंतर ऑफिसच संपत आलंय. ब्लॅकस्टोननेच न्यूयॉर्कची १७४० ब्रॉडवे ही इमारत, जिला २०१४ ला ६०० दशलक्ष डॉलरच्या वर दिले होते, ती सोडून दिली आणि २०२४ ला ती दोनशेच्याही खाली विकली गेली. आमच्याकडे हिंजवडीत एसईझेडच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) इमारतीत मजलेच्या मजले काळोखात होते दोन-तीन वर्षं, संध्याकाळी बसमधून जाताना मोजता यायचे. कशाला अडकायचं?


डोंबिवली_सीए

हिंजवडी दादा, रिकामे मजले खरे आहेत पण कारण फक्त घरून काम नव्हतं. एसईझेडमध्ये नवीन युनिटला मिळणारी इन्कम टॅक्सची सवलत २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे नवीन भाडेकरूला तिथे यायला काही कारण उरलं नाही, आणि जुन्या नियमात एकच मजला एसईझेडमधून बाहेर काढता येत नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलला, मजल्यागणिक वेगळं करता येतं, तेव्हापासून बाहेरचे भाडेकरू त्या मजल्यांवर येऊ शकतात. न्यूयॉर्कची पन्नासच्या दशकातली बिल्डिंग आणि बारा-पंधरा वर्षांची हिंजवडीची बिल्डिंग एका तराजूत घालू नका.

ऐरोलीकर, आता तुमच्या युनिटचं. आपल्याकडे सेबीचे रीटचे नियम २०१४ ला आले, पण पहिली रीट यायला एप्रिल २०१९ उजाडलं, कारण मधे टॅक्सची गाठ सुटत नव्हती, २०१६ च्या बजेटमध्ये ती बरीचशी सुटली. एम्बसीचा इश्यू ३०० रुपयांना, ४,७५० कोटींचा, त्यात नरिमन पॉइंटचा एक्सप्रेस टॉवर्स पण आहे आणि हिंजवडीचं क्वाड्रन पण. तेव्हा कमीत कमी दोन लाखांच्या वर घालावे लागायचे, तुमच्या पंचवीस हजारांना दारातसुद्धा उभं केलं नसतं. तुमची माइंडस्पेस २०२० च्या ऑगस्टमध्ये आली, २७५ ला. २०२१ नंतर एक युनिटसुद्धा घेता येतं. आणि ब्लॅकस्टोन एम्बसीतून डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण बाहेर पडली, उरलेला सगळा हिस्सा बाजारात विकून. इमारतींना काही झालं नाही, पण मोठा मालक कधीतरी विकणारच असतो हे धरून चालायचं.

आपल्या नियमात मॅकलो होणं अवघड आहे. किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण आणि भाडं देणारी हवी, कर्ज मालमत्तेच्या ४९ टक्क्यांच्या वर नेता येत नाही, २५ टक्क्यांच्या वर जायचं तर रेटिंग आणि युनिटधारकांची परवानगी लागते, वाटण्याजोग्या रोख रकमेच्या किमान ९० टक्के वाटावेच लागतात. अवघड म्हणतेय, अशक्य नाही. भाडेकरू सोडून गेला तर नियम त्याला धरून ठेवू शकत नाही.


ऐरोलीकर८४

ताई, तुम्ही लिहिलेलं रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मालवणी काकांच्या बॉयलरवाल्या इंजिनिअरपाशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाच म्हणाले. मग म्हणाले, त्या अमेरिकेतल्या माणसाकडे भाडं येत होतं तरी इमारती गेल्या ना, मग तुझ्या कंपनीचं कर्ज कधी फेडायचं आहे ते कुठे लिहिलेलं असतं ते विचार. तर तेच विचारतोय, वार्षिक अहवाल डाउनलोड केलाय, चारशेच्या आसपास पानं आहेत, नेमकं कुठे बघू?


डोंबिवली_सीए

बाबांना नमस्कार सांगा, प्रश्न अगदी नेमका आहे. अहवालात नका शिरू आत्ता, आधी दर तिमाहीचं गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण असतं ते उघडा. त्यात एका पानावर कर्जफेडीचं वर्षवार वेळापत्रक असतं, उभे खांब काढलेले, कुठल्या वर्षी किती फेडायचं. एकाच वर्षाचा खांब फार उंच असेल तर तिथे पेन्सिलीने खूण करा. मग पुढे-मागे दुसरं पान शोधा, लीज कुठल्या वर्षी किती टक्के संपतात ते. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि उंच खांब दोन्हीकडे एकाच वर्षात येतात का ते बाबांबरोबर बसून बघा. आणि आले तर इथे लिहा, आपण सगळे मिळून बघू.